दऱ्या आणि दर्या

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५
पहाटे उठून इश्यू वाचले. रात्रीतून तीन आले होते. दोन किरकोळ, तिसरा काठमांडूहून. नेपाळीतला ‘गऱ्यो’ हा साधा, रोजचा शब्द तिकडच्या मजकुरात दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो. डोळ्याला काडीचाही फरक दिसत नाही आणि शब्दांतलं अंतर मोजणारी आपली लायब्ररी मात्र दोन शब्द वेगळे असल्याचं सांगते. तिथल्या बाईंनी तक्रार अगदी नेमकी लिहिली होती, सोबत चालवून बघण्यासारखा चार ओळींचा कोड.

चहा व्हायच्या आत आपल्याकडचा शब्द घालून पाहिला: कऱ्हाड. एका फाइलीत तो ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिलेला, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे ज्याला रुंदीच नाही असं चिन्ह. पडद्यावर दोन्हीकडे कऱ्हाडच. लायब्ररीने अंतर सांगितलं २. सांगलीहून साताऱ्याला निघालेल्या माणसाला वाटेत दोन कऱ्हाडं लागावीत, तसंच हे.

चूक आपलीच आहे. सहा वर्षं मराठी मजकुरावर काम करते आहे आणि ही टेस्ट मी कधी लिहिलीच नव्हती.

रविवार, ५ जानेवारी
लायब्ररी सुरू कशी झाली, ते एकदा लिहून ठेवायला हवं. नव्याने आलेले विचारतात.

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आम्ही काहीजण एका छोट्या वाचनालयाची भिजलेली दाखलनोंदवही वाचवायला गेलो. पानं पंख्याखाली वाळवली, फोटो काढले आणि तिघांनी वाटून टाइप केली. काही पानं दोनदा टाइप झाली, काही तीनदा. मग एकच पुस्तक ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ अशा दोन लेखकांच्या नावावर, एकच शीर्षक ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने तीन ठिकाणी. हाताने जुळवायला बसलो तर वर्ष गेलं असतं.

तेव्हा लेव्हेन्श्टाइन अंतर वापरलं. व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेली कल्पना: एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात? अक्षर घालणं, काढणं, बदलणं, प्रत्येकाचा एक. तयार साधनं होती, पण देवनागरीवर ती अडखळत. म्हणून मी स्वतःचं लिहिलं आणि खुलं करून टाकलं. त्या नोंदवहीचा ओलसर वास अजून आठवतो.

बुधवार, ८ जानेवारी
आजचा दिवस एका शब्दात गेला. दऱ्या.

डोंगरातल्या दऱ्या. ‘ऱ’ने लिहिल्या तर पाच कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडची सुटी चिन्हं: द, ऱ, हलन्त, य, काना. जॉइनरने लिहिल्या तर सहा. या दोन रूपांतलं अंतर २. आता ‘दर्या’, म्हणजे समुद्र. त्याचं दोन्ही दऱ्यांपासूनचं अंतर प्रत्येकी १! एकाच शब्दाची दोन रूपं एकमेकांपासून दूर आणि ज्याचा अर्थच निराळा तो शब्द दोघांच्याही जवळ. कागदावर चौकटी आखून तीनदा मोजलं. बरोबर आहे.

दुपारी एकाने दुरुस्ती पाठवली: जॉइनर दिसला की सरसकट काढून टाका. दोन ओळींचा बदल, टेस्ट सगळ्या हिरव्या. पण जॉइनर काढला की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. मग पंगतीचा हिशेब मठाच्या नावावर जायचा. मी नाकारलं आणि कारण सविस्तर लिहिलं. नुसतं ‘नको’ म्हटलेल्या माणसाचा दुसरा पॅच येत नाही, हे मी शिकले आहे.

युनिकोडचं प्रमाणीकरणही इथे कामाला येत नाही. ‘र’ आणि नुक्ता सुटे आले तर ते त्यांचा ‘ऱ’ करून देतं, पण ‘ऱ’ला हलन्त आणि ‘र’ला हलन्त अधिक जॉइनर या दोन्हींना एक मानत नाही. ‘ॲ’चंही तसंच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला जुना ॲ त्याच्याशी समान धरला जात नाही. ही समीकरणं आपल्यालाच लिहावी लागणार. ‘र’, हलन्त, जॉइनर असं आलं तर तिथे ‘ऱ’ आणि हलन्त धरायचं. जॉइनर दुसरीकडे कुठे असेल तर त्याला हात लावायचा नाही.

शनिवार, ११ जानेवारी
मूळ प्रश्न यापेक्षा खोल आहे. मोजायचं काय? कोड पॉइंट की अक्षर? मराठी माणसाला ‘ऱ्हा’ हे एक अक्षर आहे, चार नव्हेत. युनिकोडच्या नियमांनाही हे उशिराच पटलं. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. आधीच्या नियमाने कऱ्हाडचे चार तुकडे, आताच्या नियमाने तीन. म्हणजे लायब्ररी तीच, पण कोणाच्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे त्यावर उत्तर ठरणार. हे चालणार नाही. नियम आपल्याच कोडमध्ये लिहून पक्के करायचे.

रात्री सुकथनकरांची प्रस्तावना पुन्हा उघडली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रं घेतली आणि आदिपर्व १९३३ साली पुरं झालं. माणूस केंब्रिजला गणित शिकलेला. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, वेगवेगळ्या लिपींतल्या. त्या ताडून बघण्यासाठी चौकटी आखलेले तक्ते होते आणि प्रत्येक पोथीतला फरक त्या चौकटींत भरायचा, तोही अक्षरागणिक! एका गटाने भरलेलं दुसऱ्या गटाने तपासायचं. १९४३ साली सुकथनकर गेले, काम १९६६ साली तडीस गेलं.

बुधवारी मी कागदावर आखल्या त्या चौकटी आणि या चौकटी एकच. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात हाताने ताडणाऱ्यांना एकक कोणतं हे विचारावंच लागलं नव्हतं.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. आईने गुळाच्या पोळ्या केल्या. आज कोडला हात लावला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
परवाच्या सुट्टीची भरपाई आज दामदुप्पट झाली. चाचणीची आवृत्ती सोमवारीच टाकली होती, मोजमाप आता अक्षरागणिक. आज एका तालुक्याच्या गावाहून फोन. शिष्यवृत्तीच्या अर्जावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळवायला ते आपली लायब्ररी वापरतात, साम्य ०.७५ च्या वर असेल तर अर्ज पुढे जातो.

“ताई, कालपासून सगळे पाटील अडकायला लागलेत.”

मांडून पाहिलं. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’. कोड पॉइंट पाच, फरक एकाचा, साम्य ०.८०. अक्षरं तीन, फरक एकाचा, साम्य ०.६७. पोरगी तीच, बाप तोच, गाव तेच. मी अचूकतेच्या हौसेने फूटपट्टी बदलली आणि एका वेलांटीपायी तिचा अर्ज बाजूला पडला.

चाचणीची आवृत्ती खऱ्या कामाला लावू नये, हे खरं. पण ते सांगून मी सुटत नाही. हीच आवृत्ती मी दहा दिवसांनी पक्की म्हणून सोडणार होते. त्यांना जुनी आवृत्ती परत बसवून दिली आणि अडकलेले अर्ज पुन्हा चालवून घ्यायला सांगितलं. ते पुरे होईतो फोन ठेवला नाही.

रविवार, १९ जानेवारी
उपाय सापडला. अक्षर हेच एकक ठेवायचं, पण एका अक्षराच्या जागी दुसरं आलं की सरसकट एक दंड लावायचा नाही. अक्षराच्या आत डोकावायचं. ‘टी’ आणि ‘टि’ यांत दोनपैकी एकच गोष्ट बदलली, म्हणून दंड अर्धा. पाटील-पाटिल आता ०.८३. दऱ्या आणि दर्या ०.८८, आणि दोन तऱ्हांनी लिहिलेल्या दऱ्या पुऱ्या १.

तरी एक बोच राहिली. दऱ्या-दर्या इतके जवळ येणं रूपाने बरोबर, अर्थाने घातक. नुसता आकडा हे सांगत नाही. सुकथनकरांच्या आवृत्तीत जिथे पाठाची पुरती खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापलेली असते. ती रेघ मला आपल्याकडे हवी होती. म्हणून नवं फंक्शन लिहिलं. ते ‘जुळलं’, ‘जुळलं नाही’ याबरोबर ‘माणसाने पाहावं’ असं तिसरं उत्तर देतं. यंत्राने कुणाचा अर्ज परस्पर बाद करू नये, असं माझं स्वच्छ मत आहे आणि दस्तऐवजात ते पहिल्याच परिच्छेदात घातलं.

बुधवार, २२ जानेवारी
रिलीजचे हक्क आज दुसऱ्या व्यक्तीला दिले: काठमांडूच्या बाईंना. दोन वर्षं त्या पॅच पाठवताहेत. तरी हात आखडत होता. मार्च २०२४ मधलं ‘एक्सझेड’ या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण कोण विसरेल? एकट्याने गाडा ओढून थकलेला मेंटेनर, मदतीला आलेला अनोळखी हात, दोनेक वर्षं कमावलेला विश्वास आणि मग रिलीजमध्ये लपवलेलं चोरदार. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते उघडकीला आलं.

पण त्या प्रकरणातून ‘कुणाला आत घेऊ नका’ एवढंच शिकायचं तर चुकेल. तो मेंटेनर एकटा होता, दुखणं तिथून सुरू झालं. आम्ही ठरवलं: एकीने टॅग लावायचा, दुसरीने तपासून मान्यता द्यायची. ताडणारे वेगळे, तपासणारे वेगळे.

रविवार, २६ जानेवारी
सकाळी झेंडावंदन. विश्रामबागेतून परत येताना उसाचे ट्रॅक्टर आडवे आले, अर्धा तास तिथेच.

दुपारी शेवटची फेरी. पायथॉनच्या भांडारात एकदा चढवलेली फाइल काढता येते, पण त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. म्हणून आकडा ठरवायला वेळ घेतला. पहिला अंक बदलला की लोक सावध होतात, शेवटचा बदलला की डोळे झाकून घेतात. आमची मोजणीच बदलली आहे, तेव्हा २.०.०. चेंजलॉगच्या पहिल्या ओळीत लिहिलं की जुनी मोजपट्टी एक ओळ लिहून परत मिळवता येते आणि आपापल्या मर्यादा तपासल्याशिवाय ही आवृत्ती बसवू नका. खाली पाटीलचे तिन्ही आकडे.

तालुक्याच्या गावी आधी फोन केला. मग टॅग लावला. काठमांडूहून मान्यता चार वाजून दहा मिनिटांनी आली. टेस्टच्या फाइलीत आता रफाराचे आणि ‘ऱ’चे ६१ शब्द आहेत: पायऱ्या, कुऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, गऱ्यो. पहिला कऱ्हाड.