संगणकांच्या कोठारांत एक दिवस

पुण्याहून निघून ठाण्यास उतरावें, तेथें पनवेलच्या बाजूस जाणारी लोकल धरावी, म्हणजे थोड्याच वेळांत रबाळें स्टेशन येतें. एकीकडे पारसिकचा डोंगर व दुसरीकडे खाडी, यांमधील हा पट्टा एके काळीं रासायनिक कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होता. आतां तेथें संगणकांचीं मोठमोठीं कोठारें उभीं राहिलीं आहेत. त्यांना 'डेटा सेंटर' म्हणतात. अशा एका कोठारांत आमचा भाचा नोकरीस आहे. "मामा, आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांसाठीं मराठींत एक सूचनापत्रक करून द्या," अशी गळ त्यानें गेल्या माघांत घातली, आणि शब्दांचा नाद आम्हांस जन्माचाच असल्यामुळें आम्हीं तें तत्काळ मान्य केलें.

आंत पाऊल टाकतांच गारव्यानें अंगावर शहारे आले. पुरुषभर उंचीच्या लोखंडी कपाटांच्या रांगा समोरासमोर मांडलेल्या. यंत्रें तोंडाकडून थंड हवा ओढतात व पाठीकडून तापवून सोडतात. त्यामुळें एक गल्ली माघाची, तर पलीकडची वैशाखाची! या कपाटास 'रॅक' म्हणतात. त्यांत १९ इंच रुंदीचीं यंत्रें बसतात, आणि उंची 'यू' या मापानें मोजतात. एक यू म्हणजे १.७५ इंच, अर्थात् ४४.४५ मिलिमीटर. पुष्कळ रॅक ४२ यूंचे असतात व मोजणी खालून वर चालते. 'सर्व्हर' नांवाचें यंत्र रुळांवरून टेबलाच्या खणासारखें पुढें ओढतां येतें. जड यंत्रें दोघांनीं मिळून उचलावयाचीं व तळाशीं बसवावयाचीं. नाहीं तर रॅक कलंडण्याचें भय.

आम्हीं कागद काढला आणि 'फील्ड रिप्लेसेबल युनिट' यासमोर 'क्षेत्र-प्रतिस्थाप्य घटक' असें मोठ्या ऐटींत लिहिलें. भाचा हंसला नाहीं, हा त्याचा विनय. परंतु त्याच्या हाताखालचा कोंकणांतील एक मुलगा भोळेपणानें म्हणाला, "सर, हें शेतांतलें कांहीं आहे का?" मग अर्थ समजून घेतला. यंत्र कारखान्यांत परत न धाडतां, तें जेथें बसविलें आहे तेथेंच जो भाग बदलतां येतो, तो हा. त्यांतील कांहीं भाग गिऱ्हाइकानें स्वतः बदलावे, कांहीं केवळ जाणत्या कारागिरानें. डिस्क व जोडीनें बसविलेले वीजपुरवठ्याचे ठोकळे बहुधा यंत्र चालू असतांनाच बदलतां येतात. कांहीं कंपन्या अशा भागांस विटकरी रंगाची मूठ ठेवतात. मेमरीची पट्टी मात्र सामान्यतः यंत्र बंद करून, विजेच्या दोन्ही दोऱ्या काढून, मनगटास स्थिर विजेचा पट्टा बांधूनच काढावयाची. आम्हीं आमचा समास खोडला व 'जागेवर बदलण्याचा भाग' असें लिहिलें.

दुपारीं डबा खातांना भाच्यानें एक हकीकत सांगितली. २०१९ सालीं तो दुसऱ्या एका कचेरींत होता. तेथें पांच डिस्कांचा एक संच होता. एक डिस्क बिघडली तरी उरलेल्या चारांवरून तिच्यांतील माहिती सिद्ध होते. दोन गेल्या कीं सर्व संपलें. एके रात्रीं ३ क्रमांकाच्या खणांतील डिस्क बिघडली. वरिष्ठानें फोनवरून नव्या मुलास सांगितलें, "तिसरी काढ." खणांची मोजणी शून्यापासून होती! ०, १, २ असे मोजून मुलानें तिसरी, म्हणजे २ क्रमांकाची धडधाकट डिस्क उपसली. संच बंद पडला. राखीव प्रतींवरून माहिती पुनः उभी करण्यास दोन दिवस लागले. मुलाची नोकरी गेली.

"आणि वरिष्ठाची?" आम्हीं विचारलें.

"ती राहिली," भाचा मान खालीं घालून म्हणाला. "तो वरिष्ठ मीच, मामा."

आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं. ३५ वर्षें आम्हीं मुलांना एकापासून मोजावयास शिकविलें. त्या मुलानें तरी दुसरें काय केलें? चूक गणिताची नव्हती, व्याकरणाची होती. 'तीन' हें खणाचें नांव. 'तिसरी' हा मोजणाऱ्याचा क्रम. दोहोंची गल्लत झाली कीं निरपराध्यास शासन होतें.

सायंकाळपर्यंत पत्रक सिद्ध झालें. त्यांत क्रमवाचक विशेषण एकही नाहीं. 'खणावर छापलेला आंकडा मोठ्यानें वाचा. तोच आंकडा सांगणाऱ्याकडून परत वदवून घ्या. बिघाडाचा दिवा त्याच खणावर आहे ना, तें पाहा. मगच कडी उघडा. डावें-उजवें म्हणजे यंत्रासमोर उभे राहिलें असतां आपलें डावें-उजवें.' कोंकणांतील त्या मुलानें तें एकदां वाचलें आणि एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाहीं. आमच्या आयुष्यांत याहून मोठें प्रशस्तिपत्र आम्हांस मिळालेलें नाहीं.

घरांत काय किंवा कचेरींत काय, आज्ञा करणाऱ्या आम्हां वडील मंडळींस एवढेंच विनवावेंसें वाटतें: धाकट्यानें चुकीची वस्तु आणली, तर रागावण्यापूर्वीं आपण कोणता शब्द उच्चारला होता, तो आधीं आठवून पाहावा.