सासूबाईंचा फोटो आणि भात्यातली भोकं



आमच्या मामंजींचा धाराशिवात फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाचे लग्नाचे, मुंजीचे, पासपोर्टचे फोटो त्यांनी काढले. पण घरात शोधायला गेलं तर सासूबाईंचा एकटीचा एकही फोटो नाही. ‘उद्या काढू’ म्हणता म्हणता मामंजीच गेले. सासूबाई आता ऐंशीच्या आहेत. यंदा त्या सहज म्हणाल्या, “त्यांच्याच कॅमेऱ्यावर एक काढा गं माझा.” आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तो कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवायची सागवानी पेटी. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मधे हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता. त्या काळी केरळातल्या आलेप्पीचे वागीश्वरी कॅमेरे देशभर नावाजलेले होते. आमच्यावर मात्र कुणाची पाटी उरलेली नाही. कुंथलगिरीला 18 सप्टेंबर 1955 रोजी आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी झाली, तेव्हा मामंजी दहा-बारा वर्षांचे होते. वडिलांबरोबर तिथे गेले असताना काळ्या कापडात डोकं घातलेला फोटोग्राफर त्यांनी पाहिला आणि तेव्हापासून हे वेड लागलं, असं ते सांगायचे.

माझा मुलगा पुण्यात फोटोग्राफी शिकतो. त्याने मित्राकडून चार बाय पाच इंचाच्या दहा फिल्म आणल्या. अंगणात तुळशीजवळ सासूबाईंना बसवलं आणि दोन फोटो काढले. धुऊन पाहिले तर दोन्हींत त्यांच्या चेहऱ्यावरून पांढरा धुरकट पट्टा! दुसऱ्या दिवशी आणखी दोन काढले, तरी तेच.

मी मुलावर चिडले. “होल्डरमध्ये फिल्म नीट भरली नसशील. तुझं सगळंच घाईचं!” तो काही बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, “राहू द्या, माझं तोंडच फोटोचं नाही.” ते ऐकून मला जास्त लागलं.

त्या रात्री मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली. फिल्मवरचा जो थर उजेड टिपतो, तो जिलेटिनचा असतो. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडं उकळून काढलेला पदार्थ. 1871 साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ही युक्ती काढली आणि आजही फिल्म तशीच बनते. आपण आइस्क्रीमच्या डब्यावर जिलेटिन आहे का ते वाचतो, औषधाच्या कॅप्सूलबद्दल विचारतो, आणि मी इथे चार फिल्म वाया घालवून बसले होते. सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणलंय ते आणलंय. पण आता पाहून सवरून वापरा.”

म्हणून ठरवलं, दोष सापडेपर्यंत एकही फिल्म खर्च करायची नाही. मुलानं खराब झालेली एक फिल्म उजेडावर धरून दाखवली. होल्डरमध्ये फिल्मच्या कडा पट्टीखाली झाकलेल्या असतात. उजेड होल्डरमधून किंवा फिल्मच्या डब्यातून शिरला असेल, तर त्या झाकलेल्या कडांवरही काळा डाग उमटतो. कडा स्वच्छ आणि डाग फक्त मधे असेल, तर उजेड कॅमेऱ्याच्या आतून आलेला असतो. आमच्या चारही फिल्मच्या कडा काचेसारख्या स्वच्छ होत्या. म्हणजे होल्डर ठीक होता आणि मुलाचं भरणंही.

आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. कोठीघराची खिडकी गोधडीनं झाकली, भाता पूर्ण ताणला, मागून आत छोटा टॉर्च ठेवला आणि मागची बाजू काळ्या कापडानं बंद केली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. “थांब आई, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे,” मुलगा म्हणाला. दहा मिनिटं तशाच बसलो. मग हळूहळू दिसायला लागलं. वरच्या घड्यांच्या कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके चमकत होते. भाता थोडा हलवला तर चौथाही दिसला.

चारही एकाच बाजूला, एका ओळीत. मला लगेच कळलं. दिवाळीच्या साफसफाईत मीच कॅमेरा माळ्यावर टाकला होता आणि वर भांड्यांची ट्रंक ठेवली होती.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सहाव्या दिवशी आस्रव येतो. होडीला भोक पडलं की पाणी आत येतं, हा दृष्टांत मी किती वर्षं ऐकतेय. पण आपलं भोक शोधायला दिवा आत लावून अंधारात बसावं लागतं, हे मला त्या कोठीघरात समजलं. मी आठवडाभर टॉर्च मुलावर धरून बसले होते. तिथेच त्याचा हात धरून क्षमा मागितली. तो हसला, “आई, टॉर्च बंद कर, सेल संपतील.”

दुरुस्ती सोपी होती. काळ्या ॲक्रेलिक रंगात थोडा पांढरा गोंद मिसळून बारीक ब्रशनं आतून दोन हात दिले. भाता ताणलेलाच रात्रभर वाळवला, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या रात्री पुन्हा टॉर्च लावून दहा मिनिटं पाहिलं. एकही ठिपका नाही. तरी खात्रीसाठी फोटो काढताना भात्यावर काळं कापड टाकलं.

पाचवी फिल्म. सासूबाई पांढऱ्या सुती लुगड्यात, हातात जपमाळ. मुलगा म्हणाला, “आजी, हलू नका.” त्या म्हणाल्या, “तुझे आजोबापण हेच म्हणायचे सगळ्यांना.” आणि तेवढ्यात जे हसू आलं, ते फोटोत आहे. चेहरा स्वच्छ, सुरकुती न् सुरकुती दिसते.

उरलेल्या पाच फिल्म मुलानं मित्राला परत केल्या. नवीन मागवणार नाही, असं मी ठरवलंय. खर्च झालेल्या पाचांसाठी सासूबाईंनी आणि मी एकेक उपवास केला. फोटो मामंजींच्या फोटोशेजारी लावलाय. कॅमेरा आता माळ्यावर नसतो, कपाटात असतो. वर काही ठेवत नाही.

तुमच्या घरी सासू, आई, आजी असतील, तर त्यांचा एकटीचा फोटो आहे का ते आजच बघा. मोबाइलवर काढलात तरी चालेल. फक्त ‘उद्या’ म्हणू नका.