टोपाचा तळ

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातलं रेस्टॉरंट. भाचीला बढती मिळाली म्हणून तिने मामांना जेवायला नेलं होतं. वर उंच लोखंडी कैच्या, गिलावा खरवडून उघड्या केलेल्या विटांच्या भिंती, आणि दारातच मिळालेली सूचना : टेबल नव्वद मिनिटांसाठी आहे. गप्पा चालू असताना कधीतरी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि भाजलेल्या जवळ्याचा वास आला. कांद्यावर परतलेला, कोकम पडायच्या आधीचा, थेट नाकात चढणारा. मामा बोलता बोलता थांबले. समोर आला तो बोटभर पावाच्या तुकड्यावर चिमूटभर जवळा. चव चांगलीच होती, हे ते आजही मान्य करतात. पण त्या दिवसापासून ते काकीच्या खानावळीबद्दल बोलायचे थांबलेले नाहीत.

काकी म्हणजे लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांना जेवू घालणारी बाई. मामा राजापूरकडून मुंबईत आले ते छापखान्यात खिळे जुळवायला. झोपायला गाववाल्यांच्या खोलीत, जेवायला काकीकडे. बाकीचे सगळे गिरणीतले. जशा पाळ्या तशा पंगती. एक पंगत हात धुवायला उठली की दुसरी पाटावर. काकीला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या ताटाच्या पाठीवर तिने भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून खूण कोरून घेतली होती. कुणाचं त्रिशूळ, कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. मामांच्या ताटावर होडी होती. महिन्याचा हिशेब शेजारचा शाळकरी मुलगा वहीत मांडायचा, पण कोण किती भाकऱ्या खातो आणि कोणाला आमटी तिखट लागते, ते काकीच्या डोक्यात असायचं.

बुधवारी आणि रविवारी मासळी. एरवी डाळ, उसळ, सुकं खारं. भाताला मोजमाप नव्हतं.

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठाहून जास्त गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिले काही आठवडे काकीच्या पंगतीत उत्साहच होता. कोण किती दिवस ताणणार, सरकार कधी वाकणार, यावर पैजा लागत. उन्हाळा आला तोवर काहीजण गावी शेतावर परतले आणि जे उरले त्यांच्याकडून पैसे येणं बंद झालं. काकीने कुणालाही ‘येऊ नकोस’ म्हटलं नाही. मासळीची जागा सुकटीने घेतली, मग सुकटही पातळ रश्श्यात शोधावी लागू लागली.

मामांच्या मनातून न जाणारी गोष्ट इथली आहे. भात भरपूर असतो तेव्हा वाढताना डावाचा आवाज होत नाही. त्या दिवसांत तो होऊ लागला. ॲल्युमिनियमच्या टोपाच्या तळाशी डाव खरवडला की पंगतीतले हात एकेक करून ताटावर आडवे यायचे. ‘बस काकी, पोट भरलं.’ काकी हात बाजूला सारून वाढायची. मामांच्या खिशात छापखान्याचा पगार असायचा, ते महिन्याच्या महिन्याला पैसे देत. पण त्यांच्या ताटात घासभरही जास्त पडला नाही, आणि आवाज झाला की त्यांचाही हात ताटावर जायचा. खिशात पैसे असूनही त्या पंगतीत अर्धपोटी उठण्याइतकं शहाणपण विशी-बाविशीच्या पोरात कुठून आलं, हे त्यांना अजून सांगता येत नाही.

इथे थोडा इतिहास मध्ये येणारच. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 मध्ये काढली, तिथून पुढे शंभराहून जास्त वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची माणसं बायकामुलं गावी ठेवून या शहरात आली. त्यांचं बाहेर जेवणं म्हणजे खानावळ. ती चालवणाऱ्या बायका वाण्याकडून उधारीवर, चढ्या व्याजाने माल उचलत. वेळ पडली तर मंगळसूत्र गहाण. 1973-74 च्या संपातही याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि त्या कर्जात रुतल्या. गोवा मुक्ती लढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ते पाहिलं आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून द्यायचं, हे त्याचं पहिलं काम. तारणाशिवाय, एकमेकींच्या भरवशावर. पुरवबाईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. मामांच्या मते मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिलं नाव त्यांचं घ्यावं. सहसा ते येतच नाही; इराणी येतात, उडुपी येतात, वडापाव येतो, आणि गिरणगावाची पोटं भरणारी बाई तेवढी राहून जाते.

गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 1991 च्या नियमात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी होती. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केलं. मागे राहिलेल्या शेडमध्ये हॉटेलं आली, बार आले. 28 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि चौदा जीव गेले. भाची तेव्हा जवळच्याच ऑफिसात नोकरीला होती. तिचा फोन लागेपर्यंतची ती रात्र मामांनी गॅलरीत उभं राहून काढली. त्या आवारात जेवायला जाणाऱ्या पोरांना ते कधी नावं ठेवत नाहीत. जेवायला गेलेलं माणूस घरी परत आलं पाहिजे, एवढंच ते म्हणतात, आणि तसं म्हणताना त्यांचा आवाज चढतो.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर : एक्स्ट्रा भाताच्या पैशांवर. आजकालच्या मालवणी थाळीत सुरमईचा तुकडा मोठा, सोलकढी फेसाळ, आणि भात एक वाटी. दुसऱ्यांदा मागितला की बिलात वेगळी ओळ. ज्या जेवणाचा पायाच भात, त्यातला भात मोजायचा? या एका गोष्टीवरून त्यांनी दादरची दोन चांगली हॉटेलं सोडली आहेत. फटकळ वागणुकीचं मात्र त्यांना काहीच वाटत नाही. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम होतं तेव्हा ते तिथे आवडीने जात. तिथे लाडीगोडी नव्हती, रेंगाळणाऱ्याला उठवत, पण कालवण असं की माणूस मुकाट्याने जेवे. नव्वद मिनिटांच्या नियमाचंही त्यांना वावडं नाही. काकीकडे पंधरा मिनिटांत उठावं लागायचं, कारण बाहेर रातपाळीचा माणूस उपाशी उभा असायचा.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काकीची खानावळ त्यानंतर वर्षभर रखडत चालली आणि मग काकी देवरुखकडे गावी निघून गेली. जाताना तिने ताटं ज्याची त्याला देऊन टाकली. ज्यांनी महिनोन्‌महिने पैसे दिले नव्हते, त्यांचीही.

हल्ली मामांनी नवाच विषय धरला आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारते आहे. तिथे साचे असतील, चात्या असतील, भोंगा असेल. खानावळीची खोली असेल का? ते भाचीला विचारतात आणि तिच्याकडून अर्ज टाइप करून घेतात. अर्जात मागण्या दोन आहेत. खोली खरी, दहा बाय बाराचीच बांधावी आणि त्यात एका पंगतीची ताटं मांडावी. होडीचं ताट ते स्वतः द्यायला तयार आहेत. दुसरी मागणी उपाहारगृहाची. ते कुठल्या मोठ्या कंपनीला न देता गिरणगावातल्या बायकांच्या बचत गटाला चालवायला द्यावं, आणि करारातच लिहून घ्यावं की भाताचे वेगळे पैसे लावता येणार नाहीत. भाची म्हणाली, असलं कलम निविदेत बसत नाही. मामांनी तिला ते वाक्य ठळक अक्षरांत टाकायला सांगितलं.