काठमांडूची दिवाळी

मुलांनो, नेपाळची राजधानी कोणती, असं विचारलं तर तुम्ही सगळे एका दमात सांगाल, काठमांडू! पण हे नाव कुठून आलं, ते ठाऊक आहे का? शहराच्या जुन्या भागात 'काष्ठमंडप' नावाची एक इमारत होती. काष्ठ म्हणजे लाकूड. हा अख्खा मंडप एकाच झाडाच्या लाकडातून उभा राहिला, असं तिथले लोक कौतुकानं सांगतात. त्यावरूनच शहराला काठमांडू म्हणू लागले.

नोव्हेंबर २०१५मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तिथं गेलो, तेव्हा मात्र काष्ठमंडपाचा नुसता चौथरा उरला होता. कारण त्याच वर्षी २५ एप्रिलला नेपाळमध्ये ७.८ रिश्टरचा भूकंप झाला होता. सुमारे ९,००० माणसं गेली, लाखो घरं पडली. १२ मे रोजी पुन्हा मोठा धक्का बसला. पहिला भूकंप झाला, तो दिवस शनिवार. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, बरं का! कितीतरी शाळांच्या भिंती कोसळल्या, पण वर्ग रिकामे होते. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

अशा वेळी सहलीला जायचं का, यावर आमच्या घरी चांगलाच वाद झाला. माझ्या सासूबाईंचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे तिथं भूकंप झाला, तो त्यांनी जवळून पाहिलेला. त्या म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरी कुणी मौज करायला जातं का? आमच्याकडंही बघे यायचे. ढिगाऱ्यावर चढून फोटो काढायचे. फार राग यायचा बघा." पण तिकिटं आधीच काढलेली होती. आमच्या ओळखीच्या एका नेपाळी कुटुंबानंही कळवलं, "जरूर या. लोक येईनासे झालेत." शेवटी त्याही आमच्याबरोबर निघाल्या.

गावात फिरताना पहिल्यांदा नजरेत भरले ते टेकू. गल्लीगल्लीत कललेल्या भिंतींना लाकडी वाशांचे टेकू लावलेले! दरबार चौकात जुनी देवळं जमीनदोस्त झालेली, पण जवळच कुमारीचं घर मात्र उभं होतं. कुमारी म्हणजे तिथं देवी मानून जिची पूजा करतात ती लहान मुलगी. पशुपतिनाथाचं मुख्य मंदिरही शाबूत होतं. बौद्धनाथाच्या स्तूपावर रंगवलेले मोठ्ठे डोळे तुम्ही चित्रात पाहिले असतील. त्याचं शिखर नव्यानं बांधायचं होतं, तरी खाली लोक शांतपणे प्रदक्षिणा घालत होते.

मग आम्ही धरहरा पाहायला गेलो. धरहरा म्हणजे नऊ मजली उंच मनोरा. भूकंपाच्या दिवशी सुट्टी, म्हणून वर चढून शहर बघायला पुष्कळ जण आले होते. आपल्यासारखेच, मुलाबाळांना घेऊन. मनोरा कोसळला आणि कितीतरी माणसं त्यात सापडली. आम्हाला दिसला तो फक्त त्याचा बुंधा. माझा चौथीतला पुतण्या लगेच त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "काकू, माझा फोटो काढ ना!" सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं. "बाळा, इथं माणसं गेली आहेत. इथं आधी हात जोडायचे." त्यानं हात जोडले. आम्ही सगळ्यांनीच जोडले. शेजारी एक शेंगदाणेवाला बसला होता, तो आमच्याकडं बघत होता. त्यानं पुतण्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले आणि पैसे काही घेतले नाहीत.

त्या दिवसांत सीमेवर मालाची वाहतूक अडली होती. गॅस आणि पेट्रोल मिळेना. आम्ही उतरलो होतो त्या घरी अंगणात चुलीवर डाळ-भात शिजायचा. घरच्या दीदींचं गोरखा जिल्ह्यातलं घर पडलेलं. भूकंपाचं केंद्र त्याच जिल्ह्यात होतं. सासूबाई चुलीपाशी बसून मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना किल्लारीच्या गोष्टी सांगायच्या. आपल्याकडं जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तिथंही दगडमातीचीच घरं. भूकंपात बहुतेक माणसं दगावतात ती अशा पडणाऱ्या घरांखाली. हिमालयाखाली आपल्या भारताचा भूभाग दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतो आहे, त्यामुळं तिथं भूकंप व्हायचेच. ते थांबवता येत नाहीत, पण घरं मजबूत बांधता येतात. हे दोघींचंही मत पडलं!

आपल्या दिवाळीच्याच दिवसांत तिथं 'तिहार' असतो. त्यात एक दिवस चक्क कुत्र्यांचा! त्यांना टिळा लावतात, गळ्यात हार घालतात, गोडधोड देतात. आपल्या भाऊबिजेला तिथं 'भाइटीका' म्हणतात. दीदींच्या मुलीनं माझ्या पुतण्याच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावला, मखमली फुलांचा हार घातला. समोरच्या घरात मात्र एकही दिवा नव्हता. त्यांच्याकडचं माणूस गेलं होतं, म्हणून वर्षभर सण नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावातही त्या साली दिवाळी झाली नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून समोरच्या घरी जाऊन बसून आल्या. काय बोलल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

निघताना दीदींनी पुन्हा पुन्हा बजावलं, "गावी जाऊन सांगा, नेपाळला या म्हणावं." तेच तुम्हाला सांगते आहे. बौद्धनाथाचं शिखर २०१६मध्ये पुन्हा झालं. नवा धरहरा २०२१मध्ये आणि काष्ठमंडप २०२२मध्ये उभा राहिला. जरूर बघा. पण कुठंही दुःख झालेल्या गावी गेलात, तर एवढं कराच. फोटोआधी विचारा. तिथल्याच छोट्या दुकानातून काहीतरी विकत घ्या. कुणी आपली हकिकत सांगायला लागलं, तर घाई न करता ऐका. बघे होऊ नका, पाहुणे व्हा.

आणि हो, काठमांडूत उतरल्यावर घड्याळ १५ मिनिटं पुढं करायला विसरू नका हं!