कातडीचं खातं

माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन चौरस मीटर असतं, असं मी नुकतंच वाचलं. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला एवढी जागा बिनकर्जाची मिळावी, हे केवढं भाग्य! पण वडिलोपार्जित मालमत्तेकडे लक्ष कोण देतो? सेहेचाळीस वर्षांत मी तिची विचारपूस केली ती फक्त दाढी करताना, आणि तीही गालापुरती.

गेल्या पावसाळ्यात कमरेच्या पट्ट्याखाली एक लालसर वर्तुळ उमटलं. रुपयाच्या नाण्याएवढं. भिजलेल्या पँटीनं लोकल गाठायची आणि तशाच पँटीनं दिवसभर खुर्चीत बसायचं, दुसरं काय होणार? खाज मात्र वेळ साधून, काउंटरवर गर्दी असतानाच यायची. एका हातात नोटा, आणि दुसरा हात... जाऊ द्या. एका पेन्शनर आजींनी तर काळजीनं विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

बँकेत सल्ला तेवढा बिनव्याजी मिळतो. हेडकॅशियर म्हणाले, तुरटी. कोकणातल्या शिपायानं टाकळ्याचा पाला सुचवला. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. काय सांगू! दोन दिवसांत खाज गायब. पण मलम थांबवलं की वर्तुळ व्याजासकट हजर. दोन महिन्यांत रुपयाची बशी झाली.

तरी डॉक्टरकडे गेलो नाही. लाज! अखेर गेलो तो मुलीमुळे. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात आमची दहावीतली कन्या फुल बाह्यांचा ड्रेस घालून अभ्यासाला बसली होती. हिनं बाही वर केली, तर दंडावर तसंच वर्तुळ! घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल, ही काटकसर माझी.

"अगं, सांगायचं नाही का?"

"बाबा, तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

याला उत्तर नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "काका, हा गजकर्ण आहे, म्हणजे बुरशी. या मलमात स्टिरॉइड आहे. त्यानं खाज दबते, पण आत बुरशी वाढत राहते. शिवाय कातडी पातळ होते ती वेगळीच." अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारनं 2018 साली नियम कडक केले, हेही त्यांनी सांगितलं. मी बी.कॉम. असल्यानं मला चटकन समजलं. ओव्हरड्राफ्ट! काढताना गंमत, फेडताना घाम.

मग हप्ते सुरू झाले. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, अंग पुसून कोरडं करायचं, कपडे सैल आणि सुती. आणि डाग दिसेनासे झाले तरी बाई सांगतील तोवर औषध चालूच. इतकी वर्षं गिऱ्हाइकांकडं केवायसी मागणाऱ्या माझं स्वतःच्या कातडीशी केवायसी असं प्रथमच झालं. आता दमट हवेत ती कुठं कुरकुरते, कोणत्या साबणानं रुसते, हे मला पाठ आहे.

आता आमच्या दोरीवर चार रंगांचे चार टॉवेल वाळतात आणि कन्या अर्ध्या बाह्यांत हिंडते.

परवा शिपाई मान खाजवताना दिसला. मी तुरटी सुचवली नाही, ट्यूबही नाही. डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बिनव्याजी.