एलेरॉन

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला, बाहेरच्या टोकाजवळ, विमान कलवणारा एलेरॉन कंसांवर टांगलेला असतो. घराणं जुनं: बोल्टन नावाच्या इंग्रजाने १८६८ साली ब्रिटनमध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानात मात्र तो नव्हता. ते सबंध पंखच पिळत. आज तो अमेरिकेतल्या कुणाच्याही गॅरेजात जन्माला येतो.

ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही-७ या घरी बांधायच्या विमानाचा संच उघडला, की एलेरॉन अजून नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. आतून आधाराच्या पट्ट्या रिव्हेट करायच्या आणि मग मागच्या कडेची घडी पक्की करायची. त्यासाठी लोक दोन लांब फळ्या दाराच्या बिजागऱ्यांनी जोडतात आणि पत्रा त्यांच्यात धरून दाबतात. इंजिन विकत मिळतं, घड्याळं विकत मिळतात. बांधणाऱ्याचा हात कसा आहे हे मला विचाराल तर या घडीत दिसतं. ती सरळ उतरली नाही तर विमान एका बाजूला कलू लागतं. मग जो पंख वर उचलला जातो, त्याच्या एलेरॉनची कड अगदी हलकेच दाबून घ्यायची. हलकेच, कारण जास्त दाबलेली घडी पुन्हा उघडणं फार कठीण.

एलेरॉनच्या नाकात नळकामातला जस्त चढवलेला लोखंडी पाइप असतो. प्रत्येक ग्रॅम वाचवू पाहणाऱ्या यंत्रात हे जड लोखंड मुद्दाम घातलेलं. वजन बिजागरीच्या मागे जास्त झालं, तर ठरावीक वेगापुढे एलेरॉन स्वतःच फडफडू लागतो, आणि ती फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. पाइप त्याला पुढून धरून ठेवतो. म्हणून मागे रंगाचा किंवा पुट्टीचा जाड थर चढला, की तोल पुन्हा तपासावा.

बसवून घेताना मात्र तो चांगलाच अडून बसतो. कंसाच्या फटीत बोल्ट, बेअरिंग आणि दोन्हीकडचे वॉशर एका रेषेत यायला हवेत, आणि तिथे बोट शिरत नाही. वॉशर टेपच्या पट्टीला चिकटवून आत सरकवतात. तो निसटतो, जमिनीवर टणकन वाजतो, पुन्हा सुरुवात. वैतागून एखादा वॉशर कमी घालण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे, कारण बेअरिंगवर बाजूने ताण येत नाही तो त्याच वॉशरमुळे.

शेवटी जोडदांडे लावले, की दिशा तपासायची. वैमानिकाच्या हातातली स्टिक डावीकडे नेली, तर डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली. स्टिकवर मूठ धरून अंगठा उभा ठेवायचा. अंगठा झुकेल त्या बाजूचा एलेरॉन उचललेला दिसला पाहिजे. जोडणी उलटी राहिल्याने विमानं जमीन सोडताच कोसळली आहेत. ही तपासणी बांधणाऱ्याने करावीच, पण त्याच्यानंतर, ज्याने या विमानाला हातही लावलेला नाही अशा कुणाला तरी बोलावून पुन्हा करून घ्यावी.