गुरुवार, सात वाजता, दंडासह

शुक्रवारची संध्याकाळ काय, सगळ्यांचीच असते. प्लॅन असतात, पार्टी असते, निदान लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं तरी असतं. पण गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करता? बहुतेक जण हिंजवडीच्या जॅममध्ये क्लच दाबून पाय दुखवून घेत असता, किंवा ‘शेवटचा एक कॉल’ संपायची वाट बघत असता. नेमक्या त्याच वेळी पुण्यातली पंचवीस-तीस माणसं इस्त्रीचे कपडे घालून, छातीवर चक्राची इवलीशी पिन लावून एका हॉलमध्ये जमतात आणि एकमेकांना दंड करतात. करणारा हौसेनं करतो, भरणारा हसत भरतो. दर आठवड्याला!

होय, रोटरी. चौकातल्या त्या दातेरी चक्राच्या बोर्डापलीकडे आपल्या पिढीला रोटरीबद्दल फारसं काही माहीत नसतं. सुखवस्तू काका लोकांचा क्लब, सत्कार, हार-तुरे आणि दरवाजाएवढा चेक हातात धरून काढलेला फोटो. यातलं काही खोटं नाही. पण एवढंच असतं तर माणसं आठवड्याच्या आठवड्याला आली असती का? ते बघायला एका क्लबाच्या मीटिंगला जाऊन बसले. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण आत जे जे बोललं गेलं ते छापून आलं तर अर्ध्या सदस्यांना पुढच्या गुरुवारी दंड होईल.

नळ स्टॉपला मेट्रोतून उतरायचं. 2022 पासून इथे वर मेट्रो, मध्ये पूल, त्यावर गाड्या आणि सगळ्यात खाली आपण, असा तीन मजली कारभार आहे. रस्ता ओलांडून प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरलं की मात्र आवाज एकदम बंद होतो. नंबरांच्या गल्ल्या, आंब्याची झाडं, आणि पाडलेल्या बंगल्यांची नावं आता सात मजली बिल्डिंगच्या गेटवर. अशाच एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर हॉल आहे. दाराशी पाटी: ‘चपला रांगेत काढाव्यात. रांग सरळ असते.’ पुण्यातच आहोत, खात्री पटली.

आत एका भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. काळ्या-पांढऱ्यापासून सुरू होऊन रंगीतपर्यंत, टोपीपासून टायपर्यंत. खूप वेळ फक्त पुरुषच, आणि मग एकदम एक नऊवारी! दुसऱ्या भिंतीवर छोटे छोटे झेंडे. जपानचा, ब्राझीलचा, आणि मध्येच दिमाखात सांगलीचा. ही गंमत मला फार आवडली. रोटरीत एक ‘मेकअप’ नावाची भानगड आहे. लिपस्टिकवाला नाही. आपल्या क्लबाची मीटिंग चुकली तर जगातल्या कुठल्याही रोटरी क्लबात जाऊन बसायचं, की हजेरी भरून निघते. मग दोन क्लब झेंड्यांची अदलाबदल करतात. एक टूर ऑपरेटर काका म्हणाले, ‘‘मी परदेशात गेलो की आधी हॉटेल बघत नाही, मीटिंग बघतो. ओळख नसलेल्या गावात एक वेळचं जेवण आणि चार टोमणे, दोन्ही फुकट.’’

सात म्हणजे सात. अध्यक्ष मॅडमनी लाकडी हातोडी उचलून टेबलावरच्या पितळी घंटेवर टण्णकन टोला दिला. राष्ट्रगीत झालं. आणि मग ज्यांची सगळे वाट बघत होते ते उठले, सार्जंट ॲट आर्म्स. पदाचं नाव असं की कमरेला तलवार असावी. प्रत्यक्षात बँकेतून रिटायर झालेले, चष्मा नाकाच्या टोकावर आणलेले काका, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वाढदिवस असलेल्यांना दंड. पिन न लावलेल्यांना दंड. एका बिल्डरना पेपरात फोटो छापून आल्याबद्दल शंभर रुपये, आणि फोटो दहा वर्षांपूर्वीचा दिल्याबद्दल आणखी पन्नास. एका डेंटिस्टना नवी गाडी घेतल्याबद्दल दंड. ते म्हणाले, ‘‘अहो, सेकंडहँड आहे!’’ ‘‘मग निम्मा.’’ एका बाईंचा शर्ट आणि हॉलचे पडदे एकाच कापडाचे दिसत होते, म्हणून पडद्यांच्या वतीनं वीस रुपये. कोणीच सुटत नाही. पैसे जातात क्लबाच्या कामाच्या खात्यात, त्यामुळे वाद घालायचा हक्क असतो, पण जिंकायचा नसतो.

हे सगळं बालिश आहे का? आहे ना. पण विचार करा, आपल्या ऑफिसमध्ये ‘फन फ्रायडे’ला एचआर जे करू बघते आणि कधीच जमत नाही, ते इथे एक रिटायर्ड कॅशियर बिस्किटांच्या डब्यावर करून दाखवतो.

आणि ही परंपरा पहिल्यापासूनची आहे. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना जमवलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर आणि एक शिंपीकामाचा धंदा करणारा. जागा, युनिटी बिल्डिंगमधली खोली नंबर 711. हॅरिस छोट्या गावात वाढलेला. मोठ्या शहरात वकिली चालत होती, पण रविवारी गप्पा मारायला कोणी नव्हतं. ओळखीचं वाटतंय? लातूरहून येऊन वाकडला पीजीत राहणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर इंजिनिअरला विचारा. मीटिंग आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात फिरायची, म्हणून नाव रोटरी. शिवाय एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा असा नियम केला, म्हणजे आपसात स्पर्धा नको. लवकरच हॅरी रगल्स नावाच्या प्रिंटरनं मीटिंगमध्ये सगळ्यांना गायला लावायला सुरुवात केली. समाजसेवा नंतर आली. आणि पहिलं मोठं काम माहितीये कुठलं? शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट! शंभरहून जास्त वर्षं झाली, आपल्या शहरात विषय अजून ताजाच आहे.

बायकांचं मात्र रोटरीनं फार उशिरा मनावर घेतलं. 1987 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे क्लबाच्या बाजूनं निकाल दिला, 1989 मध्ये नियम जगभर बदलला. जेनिफर जोन्स पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या त्या 2022 मध्ये. त्याआधी बायकांचं काम म्हणजे ‘ॲन’ असणं. 1914 मध्ये अधिवेशनाला निघालेल्या ट्रेनमध्ये दोन रोटरियनांच्या बायकांचं नाव योगायोगानं ॲन होतं, म्हणून सरसकट सगळ्या बायका ॲन झाल्या, त्या आपल्याकडे अजून आहेतच. मी अध्यक्ष मॅडमना विचारलं, मग तुमच्या मिस्टरांना काय म्हणतात? ‘‘उशीर झाला की ड्रायव्हर,’’ त्या म्हणाल्या. लगेच डबा त्यांच्यापुढे आला.

त्या दिवशीचे वक्ते मधमाश्यांवर बोलले. छान बोलले. पण वीस मिनिटांनी घंटा झाली आणि मध पोळ्यातच राहिला. कारण खरा विषय पुढे होता: मीटिंग दर आठवड्याला घ्यायची, की पंधरा दिवसांनी?

2016 मध्ये रोटरीनं क्लबांना मोकळीक दिली. महिन्यातून किमान दोनदा भेटा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. इथे एक तिशीतला सदस्य उभा राहिला, आयटीतला, लॅपटॉपची बॅग पाठीवर तशीच. ‘‘हिंजवडीहून इथं यायला मला दीड तास लागतो. घरी दोन वर्षांची मुलगी. मी सेवा करायला क्लबात आलो, हजेरी द्यायला नाही. आपण निम्म्या मीटिंगा कमी केल्या, तर ते तास शाळेच्या कामाला देता येतील. जेवणाचा खर्चही वाचेल.’’ मुद्दा एकदम बरोबर. हॉलमध्ये निम्म्या माना हलल्या. मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, ‘‘दर आठवड्याला भेटतो म्हणून एकमेकांची नावं आठवतात. पंधरा दिवसांनी भेटलो तर गळ्यात पाट्या घालाव्या लागतील.’’ हशा. दंड. पण कोणाचं मत बदलेना.

मग एक डॉक्टर आजी उठल्या. नऊवारीचा फोटो त्यांचाच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘तू लहान असताना करंगळीला शाई लागली होती का गं?’’ लागली होती की! तुमच्याही लागली असेल. पल्स पोलिओचा रविवार. 1995 पासून देशभर सुरू झालेली ती मोहीम. रोटरीनं पोलिओचं काम 1985 पासूनच जगभर हातात घेतलं होतं. आजी तेव्हा वस्तीतल्या बूथवर बसायच्या. ‘‘लस गार ठेवायला पेट्या होत्या, पण आइसपॅक गोठवायचे कुठे? आपल्यातल्या आइस्क्रीमवाल्यानं त्याचा फ्रीजर रिकामा करून दिला. ट्रान्सपोर्टवाल्यानं टेम्पो दिला, मांडववाल्यानं मांडव. मी एकही पत्र लिहिलं नाही. गुरुवारी इथं जेवताना मागितलं, रविवारी हजर. त्या आइस्क्रीमवाल्याशी माझं एरवी काय बोलणं होणार होतं हो? पण दर गुरुवारी तो माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या पानातली जिलबी पळवायचा. असल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.’’

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. 27 मार्च 2014 ला आपल्या भागाला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. सरकार, आरोग्यसेविका, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, सगळ्यांचं काम ते. रोटरीचा वाटाही मोठा. आणि त्या वाट्यात एक जिलबी होती, हे मला कोणत्याच रिपोर्टमध्ये वाचायला मिळालं नसतं.

आयटीवाल्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘आजी, तुमचा आइस्क्रीमवाला इथून दहा मिनिटांवर राहायचा. माझ्या बाजूला बसणारे सगळे हिंजवडीत राहतात.’’ यावर आजींकडेही उत्तर नव्हतं. मला वाटतं, दोघंही बरोबर होते, आणि अडचण तीच आहे. शहर इतकं पसरलंय की जिलबी पळवण्याएवढं जवळ कोणी बसत नाही. त्यावर पंधरा दिवसांचं अंतर हा काही माझ्या मते इलाज नाही. पण दीड तासाचा प्रवास हाही काही सेवेचा भाग नाही.

हात वर झाले. पंधरवड्याच्या बाजूनं अकरा, आठवड्याच्या बाजूनं चौदा. मोजणी सार्जंटनी दोनदा केली. तडजोड अशी निघाली: 30 जूनला रोटरीचं वर्ष संपेपर्यंत दर गुरुवार कायम, पण महिन्यातली एक मीटिंग हिंजवडीकडे. म्हणजे आता प्रभात रोडवाल्यांना दीड तास! सगळ्यात जोरात टाळ्या त्या मुलानं वाजवल्या.

शेवटी फेलोशिप. फेलोशिप म्हणजे जेवण, हे रोटरीचं जुनं व्याकरण. उपमा, बटाटेवडा, शिरा. सव्वाआठपर्यंत वर्गात असल्यासारखी बसलेली माणसं प्लेट हातात आल्यावर एकदम शाळा सुटल्यासारखी बोलायला लागली. ज्यांचं मीटिंगभर एक वाक्य ऐकलं नव्हतं असे एक आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. मुलगा न्यूजर्सीला, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मतदानात हात कोणत्या बाजूला होता, विचारलं नाही. त्यांनी मुंबईच्या क्लबाबद्दल विचारलं, मग मेट्रोबद्दल, मग माझं लग्न ठरलंय का याबद्दल. त्याच क्रमानं.

सभासद व्हायचं तर वर्गणी आपल्या पगाराला जरा जड जाते, हे सांगायलाच हवं. त्याला उपाय म्हणजे रोटरॅक्ट, तरुणांची शाखा. पूर्वी तिशी ओलांडली की बाहेर, ती वयाची वरची अट 2020 मध्ये काढून टाकली. पाहुणे म्हणून मात्र कुणाच्याही ओळखीनं जाता येतं.

निघताना सार्जंट काका दारात उभे होते, डबा काखेत. म्हणाले, ‘‘पुढच्या गुरुवारी सर्पमित्र येतोय. साप घेऊन येणार नाही, तशी लेखी हमी घेतलीये. या.’’ मी म्हटलं, पाहुण्यांना किती वेळा फुकट? ‘‘दोनदा. तिसऱ्यांदा पावती फाडतो.’’